बर्गंडीचा बाजार, तेथील अन्नपान व त्यांचीं अस्सल साधनें

(१)

फ्रान्स देशाच्या पूर्वभागांत बर्गंडी नांवाचा एक जुना प्रांत आहे. त्यांतील दिजों शहरापासून दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटर लांबीची, पूर्वेकडे उतरत जाणारी टेकड्यांची एक ठेंगणी रांग लागते. तिला कोत-द-ओर म्हणतात. या रांगेच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत, पायथ्याशीं लहान लहान गांवें आहेत, आणि मध्यभागीं बोन नांवाचें तटबंदीचें कसब्याचें गांव आहे. चांगलें खावें, चांगली वाइन प्यावी, आणि खेड्यांतील बाजार हिंडावा एवढ्याच हेतूनें येथें देशोदेशींचे लोक येतात.

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत लोणी, मोहरी, गोगलगाई व मद्य यांची चर्चा पाहून आमच्या कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु बर्गंडींत अन्नपान व दफ्तर यांची गांठ इतकी घट्ट आहे कीं, एकास सोडून दुसऱ्याचा विचार करतां येत नाहीं. तेथील पानावरच्या बहुतेक पदार्थांमागें एक परंपरा सांगितली जाते, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें एखादा कागदही असतो. परंपरा व कागद हे कोठें जुळतात आणि कोठें जुळत नाहींत, हें पाहणें हाच या लेखाचा उद्देश आहे. शेवटीं आम्ही ज्या साधनाकडे वळणार आहों, तें राजाज्ञा नव्हे, दानपत्रही नव्हे. द्राक्षें तोडणाऱ्या मजुरांस दिलेल्या रोजमुऱ्याची नोंद तें होय. त्या क्षुल्लक नोंदीनें आमच्या काळांतील एका मोठ्या प्रश्नाच्या निर्णयास कसा हातभार लावला, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे.

(२)

बोनचा मुख्य बाजार शनिवारीं सकाळीं भरतो. गांवाच्या मध्यभागीं मंडईची इमारत आहे. तिच्या आंत व भोंवतालच्या चौकांत विक्रेते दुकानें मांडतात. भाजीपाला, फळें, पाव, मध, सुकविलेलें मांस, बकरीच्या व गाईच्या दुधाचीं चिजें, ऋतु असेल तेव्हां रानांतलीं अळंबीं, असा माल येतो. गिऱ्हाईक चीज चाखून पाहतें, केव्हांचें आहे तें विचारतें, आणि मग घेतें. दुपार होण्याच्या सुमारास बाजार आवरता होतो, व चौक पुन्हां मोकळा होतो.

या बाजाराहूनही अधिक ग्रामीण स्वरूपाचा बाजार पाहावयाचा असेल, तर पूर्वेकडील ब्रेस नांवाच्या सखल मुलखांत लुआं गांवीं सोमवारीं जावें. तेथील मुख्य रस्त्याच्या दोहों बाजूंस कमानींच्या ओवऱ्या आहेत. त्यांची संख्या १५७ सांगतात. ओवऱ्यांखालीं दुकानें व गांवाबाहेरच्या पटांगणावर जिवंत कोंबड्या-बदकांचा बाजार, अशी तेथील मांडणी आहे. ब्रेसची कोंबडी पांढऱ्या पिसांची, तांबड्या तुऱ्याची व निळसर पायांची असते; फ्रान्सच्या निशाणाचे तिन्ही रंग तिच्या अंगावर आहेत असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. या कोंबडीच्या नांवास व तिच्या मुलखाच्या सीमेस १९५७ सालीं कायद्यानें संरक्षण मिळालें.

आपल्याकडे पेठ वसवितांना शेटे-महाजनांस दिलेले कौल ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस वार ठरवून बाजार भरविण्याची ही रीत परकी वाटणार नाहीं. बाजाराचा वार, जागा व माप यांची सवय समाजास एकदां जडली म्हणजे ती राज्यें बदललीं तरी सहसा मोडत नाहीं.

(३)

आतां पानाकडे वळूं. बर्गंडीच्या भोजनाचा आरंभ बहुधा गूजेर नांवाच्या चीज घातलेल्या हलक्या फुगीर वड्यांनीं होतो. त्यांबरोबर आलिगोते जातीच्या द्राक्षांची पांढरी वाइन व काळ्या कासी फळांचें गोड मद्य यांचें मिश्रण देतात. या पेयास ‘कीर’ म्हणतात. पेय जुनें, पण नांव अलीकडचें आहे. १९४५ पासून १९६८ पर्यंत दिजोंचे नगराध्यक्ष असलेले धर्मगुरु फेलिक्स कीर हे पाहुण्यांस तें आग्रहानें पाजीत, म्हणून त्यांचें नांव त्यास चिकटलें. पुढें तांबड्या वाइनच्या रशांत शिजविलेलीं अंडीं, कोथिंबिरीसारख्या पार्सलीच्या पाल्यासह थिजवून गोठविलेलें डुकराचें मांस, लसूण-लोण्यांत भाजलेल्या गोगलगाई, आणि तांबड्या वाइनमध्यें मंद आंचेवर तासन्‌तास शिजविलेलें गोमांस, असे पदार्थ येतात.

हे सर्व पदार्थ पुरातन आहेत असें प्रवाशास सांगण्यांत येतें. संशोधकानें येथें थोडें थबकावें. वाइनमध्यें मांस शिजविण्याची युक्ति जुनी असेल. पण गोमांसाच्या या विशिष्ट पदार्थाची त्याच्या आजच्या नांवानें प्रसिद्धि झाली ती एकोणिसाव्या शतकांत. गोगलगाईंचें तर आणखीच निराळें आहे. नांव बर्गंडीचें असलें तरी आज तेथील पानांत पडणाऱ्या पुष्कळशा गोगलगाई पूर्व युरोपांतून आणलेल्या असतात.

दिजोंच्या मोहरीची कथा याहून बोधप्रद आहे. ‘दिजोंची मोहरी’ हें नांव पाककृतीचें आहे, स्थळाचें नाहीं. ती कृति पाळून केलेली मोहरी कोठेंही त्या नांवानें विकतां येते. ती बहुतांशीं ज्या दाण्याची करतात, तो आपल्या फोडणींतल्या मोहरीचाच प्रकार आहे, आणि त्याचा मोठा पुरवठा फार दिवस कॅनडांतून होत आलेला आहे. २०२१ सालीं कॅनडांत अवर्षण पडलें, आणि २०२२ सालीं फ्रान्समधील दुकानांतून मोहरीच्या बरण्या दिसेनाशा झाल्या. तेव्हां नांव व वस्तु यांतलें अंतर सामान्य माणसाच्याही ध्यानांत आलें. बर्गंडींतच पिकविलेला दाणा व बर्गंडीचीच पांढरी वाइन वापरून केलेल्या मोहरीस ‘बर्गंडीची मोहरी’ हें निराळें संरक्षित नांव २००९ सालीं देण्यांत आलें आहे.

एप्वास गांवच्या चिजाचा वृत्तांत उलट दिशेचा आहे. हें मऊ, नारिंगी सालीचें, उग्र वासाचें चीज आहे. त्याची साल द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या दारूनें वारंवार धुतात. सीतोच्या मठांतील संन्याशांनीं तें प्रथम केलें अशी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तें नामशेष होण्याच्या बेतास आलें होतें. १९५६ सालीं बेर्तो नांवाच्या दांपत्यानें जुन्या माहीतगार बायकांपासून कृति समजून घेऊन तें पुन्हां करावयास आरंभ केला, आणि १९९१ सालीं त्याच्या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें. म्हणजे आज जें आपण खातों, त्यांत परंपरा आहे खरी. पण ती तुटतां तुटतां सांधलेली परंपरा आहे. असें स्पष्ट सांगितल्यानें पदार्थाची गोडी उणी होत नाहीं.

(४)

बर्गंडीची खरी कीर्ति वाइनची. तांबडी वाइन पिनो न्वार व पांढरी शार्दोने या द्राक्षांची करतात. जात एकच असतांना शेजारशेजारच्या दोन वाफ्यांची वाइन निराळी लागते, आणि किंमतींतही दसपटीचें अंतर पडतें. अशा प्रत्येक ठरीव सीमेच्या मळ्यास तेथें ‘क्लिमा’ म्हणतात. असे १२४७ क्लिमा मोजण्यांत आले असून २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशाच्या यादींत घातलें.

या सीमा कोणीं आंखल्या? त्यांत मठांचा वांटा मोठा आहे. सीतोचा मठ १०९८ सालीं स्थापन झाला. बाराव्या शतकांत त्यास दानांत व खरेदींत जमिनी मिळत गेल्या, आणि त्यांतून भिंतीनें वेढलेला क्लो द वूजो हा सुमारें पन्नास हेक्टरांचा सलग मळा तयार झाला. राज्यक्रांतींत मठांची मालमत्ता राष्ट्राची झाली व विकली गेली. पुढें सर्व वारसांस सारखा वांटा देणाऱ्या कायद्यामुळें मळ्यांचे तुकडे पडत गेले. आज त्या एकाच भिंतीच्या आंत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. भिंत बाराव्या-तेराव्या शतकाची गोष्ट सांगते, वांटण्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकाची.

मापांचीही हीच गोष्ट. फ्रान्स ही मीटरपद्धतीची जन्मभूमि. तरीही बर्गंडीचा मळेवाला जमीन ‘उव्रे’ या मापानें बोलतो. एक मनुष्य एका दिवसांत जेवढा मळा खणूं शके तेवढी ती जमीन; ती सुमारें ४२८ चौरस मीटर भरते, व अशा आठ उव्रे मिळून एक ‘जुर्नाल’ होतो. पिंपास ‘प्येस’ म्हणतात. त्यांत २२८ लिटर, म्हणजे सुमारें तीनशे बाटल्या वाइन मावते. बिघा, चाहूर, खंडी व मण यांच्या किंमती गांवोगांव निरनिराळ्या बसवितां बसवितां थकलेल्या आमच्या वाचकांस या मापांचें अगत्य वाटेल.

तथापि येथेंही सावधगिरी हवी. अमेरिकेंतून आलेली फिलोक्सेरा नांवाची मुळें खाणारी कीड १८७८ सालीं कोत-द-ओरमधील मर्सो येथें आढळली. ती आल्यावर जुन्या वेली मेल्या, आणि नव्या वेली अमेरिकन खुंटावर कलम करून, ओळींनीं लावाव्या लागल्या. पूर्वीं वेली दाट व अस्ताव्यस्त वाढवीत. तेव्हां मध्ययुगीन दानपत्रांतील जमीन तीच असली, तरी त्यावरील वेल तोच नव्हे.

(५)

या प्रांतांतील मद्यविषयक कागदांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप याची ता. ३१ जुलै १३९५ ची आज्ञा. तिनें गामे नांवाच्या द्राक्षाच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम झाला. गामेस पीक भरपूर येतें, पण त्याची वाइन कडवट होते, तिच्यामुळें प्रांताच्या मालाची अब्रू जाते, आणि लोक चांगल्या मळ्यांची हयगय करतात, असा तिचा मतलब आहे. मळ्यांत शेणखत वगैरे घालण्यासही तींत मनाई आहे. प्लेगच्या मोठ्या सांथीनंतर मजुरांचा तुटवडा पडला असतां थोड्या कष्टांत अधिक पीक देणारा वेल लोकांनीं जवळ केला असावा, हें उघड आहे.

ही आज्ञा वाचून बर्गंडींतून गामे नाहींसा झाला असें अनेक प्रवासवर्णनांत लिहितात. पण केवळ मनाईच्या हुकुमावरून मनाई अमलांत आली असें अनुमान करणें धोक्याचें असतें. धाडसी फिलिपचा नातू जो भला फिलिप, त्याच्या कारकीर्दींत पंधराव्या शतकांतही अशा मनाया पुन्हां काढाव्या लागल्या. तीच ताकीद फिरफिरून निघते तेव्हां ती पाळली जात नव्हती, हें आपल्याकडील ताकीदपत्रांवरूनही आपणांस ठाऊक आहे. गामे आजही दक्षिणेकडील बोजोले भागांत राजरोस नांदतो, आणि बर्गंडींतही पिनोशीं मिसळून त्याची एक साधी, स्वस्त वाइन करतात. बाजाराच्या दिवशीं जेवणाबरोबर ती बरी लागते.

(६)

बोनच्या मंडईसमोरच रंगीत कौलांच्या नक्षीदार छपराचें धर्मार्थ रुग्णालय आहे. ड्यूकचा मुख्य प्रधान निकोला रोलँ व त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनीं १४४३ सालीं तें स्थापिलें. पहिला रोगी १ जानेवारी १४५२ रोजीं आला, आणि १९७१ पर्यंत त्या जुन्या इमारतींत रोग्यांची शुश्रूषा चालू होती. आतां तेथें संग्रहालय आहे. रोजेर व्हान डेर वायडन याचें ‘अंतिम न्याय’ हें विख्यात चित्र तेथेंच पाहावयास मिळतें.

या रुग्णालयास भाविक लोक द्राक्षांचे मळे दान देत आले. पहिलें दान १४५७ चें आहे. आज सुमारें साठ हेक्टर मळे संस्थेकडे आहेत. त्यांची वाइन १८५९ पासून जाहीर लिलावानें विकतात. हा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं होतो, आणि त्यांतील भावांवरून त्या सालच्या बर्गंडी वाइनच्या बाजाराचा अंदाज बांधतात. येणारा पैसा अजूनही रुग्णसेवेकडे जातो. ज्या मंडईंत शनिवारीं कांदे व चीज विकतात, तिच्यांतच हा लिलाव पुकारला जातो. देवस्थानाच्या इनामाचा जमाखर्च पाहणाऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. नवल इतकेंच कीं, साडेपांचशें वर्षांच्या उलथापालथींत दानाचा मूळ हेतु सुटला नाहीं.

(७)

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. पूर्वीं द्राक्षें केव्हां तोडावीं हें मळेवाल्याच्या मर्जीवर नसे. नगरसभा जाणत्या लोकांस मळे पाहण्यास पाठवी, त्यांचा अभिप्राय घेई, आणि मग तोडणीचा दिवस जाहीर करी. त्यापूर्वीं कोणीं तोडणी केल्यास दंड होई. वसंत व ग्रीष्म उष्ण असेल तर द्राक्ष लौकर पिकतें, थंड असेल तर उशिरा. म्हणून तोडणीच्या दिवसाची नोंद म्हणजे त्या वर्षाच्या उन्हाळ्याचीच नोंद होय. तापमापक यंत्र निघण्यापूर्वींचीं शतकें या नोंदींवरून वाचतां येतात, ही गोष्ट फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल र्‍वा लादुरी यांनीं १९६७ सालच्या आपल्या हवामानाच्या इतिहासांत विस्तारानें मांडली.

परंतु बहुतेक विद्वान् ज्या तारखा वापरीत, त्या अस्सल कागदांवरून घेतलेल्या नव्हत्या. लाव्हाल नांवाच्या गृहस्थांनीं १८५५ सालीं कोत-द-ओरच्या मद्यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत दिजोंच्या तोडणीच्या तारखा दिल्या होत्या. त्या व तशाच इतर छापील याद्यांवरून पुढच्यांनीं नकला केल्या, नकलांवरून कोष्टकें झालीं, आणि कोष्टकांवरून सिद्धांत निघाले. मूळ दफ्तर फिरून कोणीं उघडलें नाहीं.

तें काम तोमा लाब्बे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें. त्यांनीं बोनच्या दफ्तरांतील तोडणीच्या मजुरांस दिलेल्या वेतनाच्या नोंदी, नगरसभेच्या ठरावांच्या वह्या व अलीकडच्या काळासाठीं वर्तमानपत्रें, असे सर्व अस्सल पुरावे तपासले आणि १३५४ पासून २०१८ पर्यंतची अखंड मालिका २०१९ सालीं प्रसिद्ध केली. प्रचलित छापील मालिकांत, विशेषतः दिजोंच्या, चुका शिरल्या असल्याचें त्यांनीं दाखविलें. आपली मालिका त्यांनीं १६५९ पासून उपलब्ध असलेल्या पॅरिसच्या तापमानाच्या नोंदींशीं व झाडांच्या वलयांशीं ताडून पाहिली.

या कामांत तिथिनिर्णयाचें महत्त्व किती, तें पाहावें. फ्रान्समध्यें ९ डिसेंबर १५८२ नंतरचा दिवस २० डिसेंबर धरून नवें पंचांग सुरू झालें. त्यापूर्वींच्या तारखा जुन्या पंचांगाच्या असल्यानें चौदाव्या शतकांत आठ व पंधराव्या शतकांत नऊ दिवसांचें अंतर पडतें. राज्यक्रांतीच्या पंचांगांत तर पहिल्या महिन्याचें नांवच द्राक्षतोडणीवरून ठेवलेलें होतें, व तें पंचांग १८०५ अखेर चाललें. जंत्री न पाहतां तारखा जुळविणारा मनुष्य येथें सहज फसेल. शिवाय युद्ध, सांथ किंवा अधिक पिकलेल्या द्राक्षाची आवड यांमुळेंही तोडणी मागेंपुढें होई. म्हणून त्या त्या सालच्या बखरवजा लिखाणाशीं प्रत्येक तारीख ताडून पाहावी लागली.

निष्पन्न काय झालें? १३५४ पासून १९८७ पर्यंत तोडणीचा आरंभ सरासरीनें २८ सप्टेंबरच्या सुमारास होत असे. १९८८ पासून २०१८ पर्यंतच्या ३१ वर्षांत तो सरासरीनें १३ दिवस आधीं आला आहे. पूर्वींही अतिशय उष्ण उन्हाळे होत. अत्यंत लौकरच्या तोडणींपैकीं २१ तोडणी १३९३ ते १७१९ या काळांतल्या आहेत. १७२० पासून २००२ पर्यंत तशीं केवळ पांच वर्षें आलीं. पण २००३ पासून २०१८ पर्यंतच्या सोळा वर्षांपैकीं आठ वर्षें, सबंध ६६४ वर्षांच्या मानानें पाहतां, असामान्य ठरलीं. पूर्वीं जें क्वचित् घडे, तें आतां नेहमींचें होऊं लागलें आहे. आज बोनच्या बाजारांत जी वाइन मिळते, ती आजोबांच्या काळच्या उन्हाळ्याची नव्हे, हें निव्वळ जिभेवरून सांगितलें असतें तर वाद झाला असता. मजुरीच्या नोंदींनीं तें सिद्ध केलें.

(८)

या लेखावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, छापील प्रत हें साधन नव्हे, साधनाकडे जाण्याचा रस्ता आहे. दीडशें वर्षें चाललेली चूक मूळ कागद उघडतांच उमगली. दुसरी, कोणता कागद महत्त्वाचा हें तो लिहिणारा जाणत नसतो, आणि जमविणाराही पुष्कळदां जाणत नाहीं. बोनच्या ज्या कारकुनानें तोडणीवाल्यांचा रोजमुरा दिवसवार मांडला, त्यास फक्त आपला हिशेब मिळवावयाचा होता. ड्यूकच्या आज्ञेवर मोहोर आहे, पण ती पाळली गेली कीं नाहीं याविषयीं ती मुकी आहे. कारकुनाच्या नोंदीवर मोहोर नाहीं, तरी तींतला दिवस खरा आहे.

आमच्या संग्राहक बंधूंस म्हणून विनंति अशी कीं, रुमाल सोडतांना सनदा व राजपत्रें बाजूस काढून उरलेल्या मोदीखान्याच्या यादी, आंब्याच्या बागांचे मक्ते, सुगीची मजुरी, बाजारबैठकीचा वसूल असले कागद रद्दींत घालूं नयेत. निदान त्यांची तारीखवार टिपणें करून ठेवावीं, आणि मूळ कागद जपावे. कोणत्या शतकांतील कोणता प्रश्न त्यांस विचारला जाईल, हें आज सांगतां येत नाहीं. आणि कोणा वाचकास कधीं बोनला जाण्याचा योग आलाच, तर त्यानें शनिवारचा दिवस गांठावा, एप्वास चाखावें, साध्या वाइनचा एक पेला घ्यावा, आणि तो संपवितांना त्या अनामिक कारकुनाची आठवण ठेवावी. अलं विस्तरेण.